दूरच्या पैशाची शाळा

संपादकांनी यंदा विषय दिला 'लांबचं देणं'. सोबत त्यांना सुचलेलं उदाहरणही होतं. स्कॉटलंडात किंवा इंग्लंडात एखाद्या लहानशा चर्चमधली पंधरा-वीस माणसं एकत्र येतात, केक विकतात, जुनी पुस्तकं विकतात आणि आफ्रिकेतल्या एखाद्या चर्चच्या शाळेला दरवर्षी पैसे धाडतात. बाकं, पत्रे, वह्या, कधी एखाद्या शिक्षकाचा पगार. आपल्याकडे असं काही सापडतं का ते बघा, म्हणाले. मी कोल्हापूर धरलं. या व्यवहारातली घेणाऱ्याची बाजू कोल्हापूरने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच बघून ठेवली आहे, आणि ती बाजू सहसा कुणी लिहीत नाही.

न्यू शाहूपुरीतलं एक नाव

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड यांच्या गजबजाटापासून जवळच, न्यू शाहूपुरीत, वायल्डर मेमोरियल चर्च आहे. रिक्षावाल्याला चर्च बरोबर ठाऊक असतं. "नाताळात लई गर्दी असतीय बघा," एवढी माहितीही तो देतो. वायल्डर कोण, हे मात्र त्याला सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर उपासनेनंतर बाहेर पडणाऱ्या तरुण पोरांपैकी दोघा-तिघांनाही ते धड सांगता आलं नाही. कुणीतरी साहेब होते, अमेरिकेचे, पहिले आलेले. तेवढं पुरे असतं.

उपासना अर्थातच मराठीत. हातात 'उपासना संगीत'ची प्रत, साथीला पेटी आणि तबला, बायकांच्या डोक्यावर पदर. दानाची थैली रांगेतून फिरते, तेव्हा मुलांच्या हातात आयांनी आधीच नाणी देऊन ठेवलेली असतात. परदेशी पैशावर उभी राहिलेली मंडळी म्हणून जे चित्र शहरी वाचकाच्या डोक्यात असतं, त्यातलं इथे काही दिसत नाही. मंडळी हा शब्द इथे लोक चर्चच्या सभासदांसाठी वापरतात. पाळकांचा पगार, लाइट बिल, रंगरंगोटी हे सगळं ही मंडळी भागवते.

रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. शिक्षण मिडलबरी आणि अँडोव्हर इथे. १८४६ साली 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेने त्यांना हिंदुस्थानात पाठवलं. हे बोर्ड १८१० सालचं. त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि अहमदनगरला त्याचं मोठं ठाणं होतं. त्याच नगरच्या ठाण्यात सिंथिया फॅरारबाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली आणि पुण्याला येऊन स्वतःची काढली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. वायल्डर नगरला काही वर्षं राहिले आणि १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापूरला आले. रेल्वे यायला अजून एकोणचाळीस वर्षं होती.

आल्यावर त्यांनी दोन कामं केली. गावोगाव हिंडून प्रवचन, आणि शाळा. पुढे तीसहून अधिक वर्षांच्या सेवेचा हिशेब त्यांच्या चरित्रनोंदीत दिला आहे, तो असा: तीन हजारांवर शहरं आणि गावं पायाखाली घातली, आणि शाळांत ३,३०० वर विद्यार्थी गोळा केले, त्यांपैकी ३०० मुली. किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, हा आकडा या हिशेबात ठळक नाही. भांडण नेमकं तिथूनच निघालं.

बोस्टनचे साहेब नगरला येतात

बोर्डाचं कार्यालय बोस्टनला. सचिव रूफस अँडरसन. हा माणूस साधा कारकून नव्हता, मिशनच्या कामाचा त्या काळातला सर्वांत मोठा विचारवंत म्हणून अजूनही त्याचं नाव घेतात. त्याचं म्हणणं असं की नव्या देशातल्या चर्चने तीन गोष्टी स्वतःच्या स्वतः केल्या पाहिजेत: आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार. मिशनरी हा पाहुणा, त्याने लवकरात लवकर निघून जावं. आज ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं.

१८५४-५५ साली अँडरसन आणि त्याचा सहकारी ऑगस्टस थॉम्पसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. नगरला बैठका झाल्या. दौऱ्याचा निष्कर्ष असा निघाला की शाळांवर फार पैसा जातो. विशेषतः इंग्रजी शाळांवर. तिथे शिकलेली पोरं सरकारी कचेरीत चिकटतात, ख्रिस्ती होत नाहीत. शिवाय मिशनच्या शाळांत शिकवणारे बरेचसे पंतोजी हिंदूच. तेव्हा इंग्रजी शाळा बंद कराव्यात, बाकीच्या आटोपत्या घ्याव्यात आणि खेड्यातल्या मंडळ्यांना देशी पाळक नेमून द्यावेत.

गंमत अशी की त्याच १८५४ साली इकडे सरकारने उलटा निर्णय घेतला होता. वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना, त्यात मिशनच्याही शाळा आल्या, सरकारी अनुदान देण्याचं धोरण ठरलं. म्हणजे सरकार शाळांना पैसे द्यायला निघालं तेव्हा बोस्टन हात आखडता घेत होतं. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे तिथला मामला वेगळा, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते वायल्डरांना दिसत असणारच.

वायल्डरांना हे धोरण मान्य नव्हतं. १८५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी गेले. ते तिकडे असतानाच बोर्डाने कोल्हापूरचं ठाणं बंद करायचं ठरवलं आणि त्यांना परत पाठवायला नकार दिला. वायल्डर गप्प बसले नाहीत. १८६१ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या मिशन शाळांवर एक जाडजूड पुस्तकच छापलं आणि बोर्डाच्या धोरणाची चिरफाड केली. त्याच वर्षी ते कुठल्याही संस्थेच्या आधाराशिवाय, ओळखीच्या आणि अनोळखी देणगीदारांच्या भरवशावर कोल्हापूरला परतले.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्याला संस्थांचे इतिहास वाचायची सवय असते, म्हणून मधली वर्षं आपण भराभरा ओलांडतो. पण १८६१ ते १८७० हीच वर्षं संपादकांच्या उदाहरणाशी जुळतात. एक लहानसा देणगीदारांचा गोतावळा, हजारो मैलांवर एक शाळा, आणि मध्ये फक्त टपाल.

पैसे कसे यायचे? पत्राला पत्र, मासिकात निवेदन, एखाद्या गावच्या चर्चमध्ये फिरवलेली थैली. सुएझचा कालवा १८६९ चा, मुंबई-लंडन समुद्री तार १८७० ची. त्याआधी कोल्हापुरातून लिहिलेल्या पत्राला अमेरिकेचं उत्तर यायला महिनोन्महिने लागत. पावसाळ्यात शाळेचं छप्पर उडालं तर त्यासाठीचा पैसा पुढच्या उन्हाळ्यात. त्यातच १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. सरकारने कागदी डॉलर छापले आणि १८६४ च्या मध्यावर सोन्याच्या हिशेबात त्याची किंमत निम्म्याहून खाली गेली. म्हणजे देणगीदाराने इमानेइतबारे तेवढेच डॉलर पाठवले तरी इकडे हातात निम्मे रुपयेसुद्धा पडणार नाहीत. आणि तिकडची युद्धामुळे अडकलेली कापूस-निर्यात इकडे मुंबई इलाख्यात कापसाची तेजी घेऊन आली, सगळ्या जिनसांचे भाव चढले. पंतोजीचा पगार रुपयांत, धान्य महाग, वर्गणी डॉलरमध्ये. दोन्ही बाजूंनी कात्री. देणाऱ्याच्या देशातल्या घडामोडी शाळेच्या फळ्यापर्यंत अशा पोचतात.

१८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने कोल्हापूरचं काम आपल्याकडे घेतलं आणि पुढे इथलं, सांगलीचं, कोडोलीचं, मिरजेचं सगळं मिशन त्या छत्राखाली वाढलं. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ ला आले, त्यांचं मिरजेचं इस्पितळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. कोल्हापुरात आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आणि मिशनरी एस्तर पॅटन यांच्या नावाचं हायस्कूल, या दोन नावांशी इथल्या कित्येक घरांतल्या तीन-तीन पिढ्या जोडलेल्या आहेत. यातली बहुतेक घरं ख्रिस्ती नाहीत.

वर्गणीदाराला काय दिसतं

अँडरसनला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. समोर हजारो वर्गणीदार. त्यांना दरवर्षी काहीतरी दाखवायला हवं. शाळेत काय दाखवणार? पोरगं दुसरीतून तिसरीत गेलं? त्याला अपूर्णांक यायला लागले?

याच बोर्डाने १८५६ साली काय केलं ते मजेशीर आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी 'मॉर्निंग स्टार' नावाचं जहाज बांधायचं होतं. बोर्डाने अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांतल्या मुलांना दहा-दहा सेंटचे शेअर विकले. मुलांनी उड्या टाकल्या. आपल्या मालकीचं जहाज! ठरल्यापेक्षा जास्त पैसे जमले. शेअरचा कागद मुलं जपून ठेवत. जहाजाचं चित्र काढता येतं, पंतोजीच्या महिन्याच्या पगाराचं काढता येत नाही. त्यामुळे आजही लांबून येणारा पैसा इमारतीला सहज मिळतो, संगणक कक्षाला मिळतो, पाण्याच्या टाकीला मिळतो. टाकीवर पाटी लागते. झाडूवाल्या मावशींच्या पगारावर कुणाची पाटी लागणार?

जहाजानंतर आलं मूल. एका मुलाचा फोटो, नाव, आवडता खेळ, आणि महिन्याला ठरावीक रक्कम. ही पद्धत विसाव्या शतकात जगभर पसरली आणि आपल्याकडच्या मिशन बोर्डिंगांतही आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बोर्डिंगात बरीच वर्षं काम केलेल्या निवृत्त बाई भेटल्या. त्यांना मी पत्रांबद्दल विचारलं तर त्या हसायलाच लागल्या.

"अहो, दिवाळीची सुट्टी संपली की पहिलं काम तेच असायचं," त्या म्हणाल्या. "नाताळच्या आत पत्रं पोचायला पाहिजेत. सगळ्यांना जेवणघरात बसवायचं, फळ्यावर नमुना लिहायचा. मी बरा आहे, पाऊस चांगला झाला, तुमची आठवण येते. आता त्या पोराला कसली आठवण येणार? त्यानं त्यांना बघितलेलंच नाही!"

मग त्या पत्राचं भाषांतर, मग खालच्या कोपऱ्यात फूल किंवा मेणबत्ती काढायची, मग कार्यालयात तपासणी. एखादं पोर खरं काही लिहायचं. बापाचं पिणं, आईचं आजारपण, उसाच्या फडावरून आलेला निरोप. ते पत्र परत यायचं, नीट लिहून द्या म्हणून. बाईंना त्यात कुणाचा दुष्टपणा वाटत नाही. "पाठवणारी माणसं चांगलीच होती की. एक बाई तर दरवर्षी लोकरीचे मोजे पाठवायच्या. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात!" पण एक गोष्ट त्यांना खटकायची. ज्या पोराचा देणगीदार हौशी, त्याला पार्सल यायचं, शेजारच्या पोराला नाही. एकाच ताटात जेवणारी दोघं. पुढे पुढे त्यांनी आलेल्या वस्तू सगळ्यांत वाटायला सुरुवात केली आणि पत्रात मात्र "मला मिळालं" असंच लिहून घेतलं. देणाऱ्याला खोटं सांगून त्यांनी घेणाऱ्यांत न्याय केला. मला त्यांचं बरोबर वाटतं.

बोस्टनची दहा वर्षं

लांबच्या वर्गणीचा सर्वांत मोठा मराठी दाखला अर्थात पंडिता रमाबाईंचा. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि अमेरिकेत गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदांनी दहा वर्षं छोटी वर्गणी द्यायची, त्यातून विधवांसाठी शाळा चालायची. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे पुण्याला गेलं. अट अशी की शाळेत धर्मशिक्षण नको. १८९३ मध्ये, मुलींवर ख्रिस्ती वळण पडतंय अशा आरोपावरून, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाहेर पडली आणि वर्तमानपत्रांत रणधुमाळी माजली.

त्या वादाचं दळण पुष्कळ दळून झालंय. मला त्यातलं एकच बघायचं आहे: बोस्टनने दिलेली मुदत पाळली. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. शाळेला सर्वांत जास्त गरज असते ती या भरवशाची. यंदा मोठी देणगी आणि पुढल्या वर्षी शून्य, यापेक्षा दहा वर्षं ठरलेली थोडकी रक्कम बरी, कारण तिच्या जोरावर शिक्षिका नेमता येते आणि मुलीला 'मॅट्रिकपर्यंत ठेवते' असा शब्द देता येतो.

उलट टोकाचं उदाहरण रेव्हरंड टिळकांचं. नगरच्या मिशनमध्ये दोन तपांच्या आसपास काम केल्यावर १९१७ साली ना. वा. टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला. परक्याच्या पैशाने आपला धर्म आपला होत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. अँडरसनने साठ वर्षांपूर्वी बोस्टनहून जे लादायचं म्हटलं ते टिळकांनी इथून स्वतः केलं. पण टिळकांच्या त्यागाचा संसारावर काय परिणाम व्हायचा, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना माहीत आहे. शाळेला असा त्याग परवडत नाही. तिला एक तारखेला पगार करावा लागतो.

कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट

संपादकांना आफ्रिका हवी होती. तीही कोल्हापुरातून निघते.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला, म्हणजे बापाच्या त्या बिनपगारी वर्षांत. पुढे प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथे रॉबर्टने आणि त्याच्या सोबत्यांनी परदेशी मिशनला जाण्यासाठी विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. शिबिर संपेपर्यंत शंभर सह्या झाल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी चीन, हिंदुस्थान, आफ्रिकेला धाडल्या. रॉबर्टची बहीण ग्रेस आईबरोबर पुन्हा इकडे, आपल्या लहानपणच्या मुलखात, काम करायला आली.

१८९१-९२ मध्ये रॉबर्ट ब्रिटनमध्ये फिरला आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८९२ ला स्वतःची अशीच संघटना काढली. तिचा प्रवासी सचिव झालेला एक स्कॉटिश तरुण म्हणजे डोनाल्ड फ्रेझर. फ्रेझर १८९६ साली न्यासालँडला, म्हणजे आजच्या मलावीला, लिव्हिंगस्टोनिया मिशनमध्ये दाखल झाला आणि १९०२ मध्ये त्याने लाउडन नावाचं ठाणं उभं केलं. आज त्या जागेला एम्बांग्वेनी म्हणतात. तिथे चर्चचं इस्पितळ आहे, माध्यमिक शाळा आहे, कर्णबधिर मुलांची शाळा आहे. अशाच ठिकाणांना स्कॉटलंडातली ती केक विकणारी माणसं पैसे पाठवत असतात.

लिव्हिंगस्टोनियाचे मोठे देणगीदार होते लॉर्ड ओव्हरटन, ग्लासगोजवळच्या क्रोमच्या रसायन कारखान्याचे मालक. मिशनच्या मुख्य विद्यालयाला त्यांचंच नाव दिलं होतं. १८९९ साली मजूर नेते कीर हार्डी यांनी पत्रकं काढून त्यांचं पितळ उघडं पाडलं. कारखान्यात बारा-बारा तास काम, तुटपुंजी मजुरी, क्रोमच्या धुळीने कामगारांच्या नाकाचे पडदे सडायचे, आणि रविवार पाळा म्हणून उपदेश करणाऱ्या मालकाच्या कारखान्याला रविवारची सुट्टी नाही. मलावीतली पोरं ज्या पैशावर सुतारकाम, छपाई आणि मास्तरकी शिकली, तो असा आला होता. ती शिकली, हे मात्र खरं. पुष्कळजण पुढे दक्षिणेकडच्या खाणींत कारकून म्हणून गेले. अँडरसनने नगरला हीच तक्रार केली होती.

आज मलावीतल्या चर्चच्या प्राथमिक शाळांची घडण आपल्या अनुदानित शाळेसारखीच आहे. जागा आणि नाव चर्चचं, शिक्षकांचा पगार सरकारचा. १९९४ मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिक शिक्षण फुकट केलं, मुलांचा लोंढा आला, वर्गखोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. मुलं झाडाखाली बसली. लांबून येणारा पैसा मग या फटीत शिरतो: छप्पर, बाक, मुलींच्या माध्यमिक शाळेची फी, दुपारचं जेवण. 'मेरीज मील्स' ही स्कॉटिश संस्था २००२ साली मलावीतल्याच दोनशे मुलांच्या जेवणापासून सुरू झाली.

कागद, शिक्के आणि संसद मार्ग

परदेशी पैसा आता आपल्याकडे येतो तो थैलीतून नव्हे. विदेशी अंशदान नियमन कायदा पहिल्यांदा १९७६ ला आला, २०१० मध्ये नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने त्याचे पेच आणखी आवळले. आता कोडोलीच्या शाळेला स्वित्झर्लंडहून पाच हजार रुपये यायचे असले तरी ते आधी दिल्लीला, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत. एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था घेऊन खालच्या लहान लहान बोर्डिंगांना वाटायची, तो रस्ता बंद. प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांच्या आत. पदाधिकाऱ्यांचं आधार हवं, वार्षिक विवरण हवं, नोंदणीचं नूतनीकरण हवं.

पैशावर देखरेख नको असं कुणी म्हणणार नाही. धर्माच्या नावावर आलेल्या पैशाचा हिशेब विचारणं सरकारचं कामच आहे. पण या नियमांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या संस्थेकडे सीए असतो, वकील असतो. खेड्यातल्या बोर्डिंगाकडे एक वॉर्डन असतो, तोच हिशेब लिहितो, तोच भाजी आणतो. २०१७ साली 'कम्पॅशन इंटरनॅशनल' या अमेरिकन संस्थेला भारतातलं काम गुंडाळावं लागलं, तेव्हा तिच्या मदतीच्या यादीत इथली सुमारे १ लाख ४५ हजार मुलं होती. संस्था आणि सरकार यांपैकी बरोबर कोण, यावर मतं असतील. त्या मुलांची फी कोण भरणार, याची जबाबदारी दोघांपैकी कुणावरच नव्हती.

आणि उलटा प्रवास? समजा कोल्हापूरच्या एखाद्या मंडळीला वाटलं, आपण आता घेणारे राहिलो नाही, मलावीतल्या त्या शाळेला काही पाठवूया. एखाद्या व्यक्तीला ते जमतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यात देणगीही चालते. करात सवलत मिळत नाही, कारण ८०जी फक्त इथल्या संस्थांना. पण नोंदणीकृत ट्रस्टने पैसा देशाबाहेर खर्च करायचा तर आयकराची सूट टिकवण्यासाठी दिल्लीच्या प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. पंधरा-वीस हजारांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? केक विकून शाळा चालवायची सोय आपल्या कायद्यात नाही.

भोपळ्याचा लिलाव

कोल्हापूर-सांगलीकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण होतो, तो एकदा बघावा. सुगी झाली की लोक घरचं पीक चर्चमध्ये आणतात. ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, नारळ, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याच अंगणात लिलाव. बोलणारा गावातला तरबेज माणूस असतो. तो भोपळा डोक्यावर धरतो, ज्याच्या परड्यातला त्याचं नाव घेतो, पुण्याला नोकरीला असलेल्या त्याच्या भाच्याला हाक मारतो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा पाचशेला जातो. घेणारा तो परत देतो, भोपळा पुन्हा लिलावाला चढतो. असा एक भोपळा तीन-चार घरांच्या खिशाला हात घालून शेवटी पाळकांच्या स्वयंपाकघरात पोचतो.

इथे देणाऱ्याला घेणारा रोज दिसतो. पत्रं लिहून घ्यावी लागत नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांना ही ताकद कळली होती. कुंभोजचा माणूस, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेला. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा मागे बोस्टन नव्हतं. घराघरात बायका दळणाच्या आधी मूठभर धान्य वेगळं काढून ठेवत, ते बोर्डिंगच्या पोरांसाठी गोळा व्हायचं. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. शाहूंनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही सोय झाली. वायल्डरांनी टपालाच्या भरवशावर जे रेटलं ते शाहूंनी खजिन्याच्या भरवशावर केलं, आणि दोन्हींचा पसारा एका पंगतीला बसवण्यासारखा नाहीच.

म्हणून मला लांबच्या पैशाची बदनामी करायची नाही. कोल्हापुरात मुलींनी शिकावं असं म्हणणाऱ्यांत तो फार आधी आला, इथल्या खजिन्याच्या कितीतरी आधी. पण लांबचा पैसा शाळा सुरू करतो, ती टिकवायला जवळचा लागतो, आणि शाळेने काय शिकवायचं हे ठरवायचा हक्क ज्याला रोज शाळेचं दार दिसतं त्याचा. अँडरसनचा सिद्धांत चांगला होता. तो बोस्टनच्या टेबलावरून लागू केला, ही त्यातली खोट.

आजच्या मिशन शाळा बहुतेक अनुदानित आहेत. पगार सरकारच्या 'शालार्थ' प्रणालीतून होतो, शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेची धाकधूक दरवर्षी असते. अल्पसंख्याक म्हणून राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचं संरक्षण आहे, पण वर्गात बसलेली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. मराठी माध्यमाच्या पटाला इंग्रजी शाळांमुळे ओहोटी लागली आहे. ज्या इंग्रजीपायी १८५५ मध्ये शाळा बंद करायला निघाले, त्याच इंग्रजीपायी आता मराठी मिशन शाळांची तुकडी मोडते. वेतनेतर अनुदान उशिरा येतं आणि थोडं येतं. शिपायाची जागा भरली जात नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार तुटलेलं राहतं, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची लेबलं पुसट होत जातात.

तुम्ही अशा एखाद्या शाळेत शिकला असाल, आणि कोल्हापूरच्या वाचकांत असे पुष्कळ असणार, तर माजी विद्यार्थी मेळाव्याचा हार-तुऱ्यांचा खर्च वाचवा. मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, वेतनेतर खर्चात कमी काय पडतंय. ते जे सांगतील तेच द्या, पाटी लावायला सांगू नका, आणि किमान पाच वर्षं देणार असाल तरच सुरुवात करा. पैसे ट्रस्टच्या खात्यावर चेकने द्या, ८०जीची पावती मागा आणि वर्षअखेरीस ऑडिट केलेला ताळेबंद बघायला स्वतः शाळेत जा.